मामाला विचारा: घोडी ट्रॅक्टरला बुजते, पाठीवर बसू की नको?

या वेळचं पत्र कोल्हापूरजवळच्या वडणग्याच्या बाजूच्या एका पोरीचं आहे. नाव देऊ नका म्हणलीय, म्हणून नाव नाही. पत्र लई लांब होतं, मी कापून देतोय.

"मामा, नमस्कार. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, लहानपणापासून घोड्याचा नाद. पप्पांनी दत्तजयंतीला तिकडं नंदुरबारच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातनं मारवाडी घोडी आणली, मैना नाव ठेवलंय. विकणारा म्हणाला चार वर्षाची आहे, पाठीवर बसून फिरवलेली आहे. गोठ्यात एकदम गरीब, हातातनं गूळ खाते. पण खोगीर टाकून रस्त्याला काढली की मान वर, नुसती फुरफुरते, घामाघूम होते. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून समोरनं आला की गरकन वळते. मागच्या आठवड्यात उधळली आणि मी पडले, खांद्याला मुका मार बसलाय. दादा म्हणतो काटेरी लगाम घाल आणि दोन चाबूक दे, सुतासारखी सरळ येईल. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीच्या मिरवणुकीत मला तिच्यावर बसायचंय, गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. महिना आहे हातात. ती शांत कशी होईल? आणि खरं सांगते मामा, आता मला पण तिची भीती वाटायला लागलीय."

पोरी, ते शेवटचं वाक्य लिहिलंस ते लई बरं केलंस, कारण मला पत्रं येतात त्यातली निम्मी माणसं घोडं घाबरतंय असं लिहितात आणि घाबरलेलं असतं दुसरंच कोणतरी. तू पडलीस, खांदा दुखतोय, परत बसायच्या विचारानं पोटात गोळा येतोय, हे सगळं बरोबर आहे, तसं वाटलं नसतं तर मी म्हणलो असतो डोक्यावर पडलीस का काय. आधी खांदा डॉक्टरला दाखव. आणि आता तुला न आवडणारं सांगतो म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल: 19 फेब्रुवारी विसर. यंदाच्या मिरवणुकीत मैना नाही. गल्लीत सांगितलंय ना, मग परत सांग की नाही जमत म्हणून, चार दिवस चिडवतील आणि पाचव्या दिवशी दुसरा विषय सापडेल त्यांना.

आता दादाचं बघू. त्याच्यावर राग धरू नको, त्याला तुझी काळजी आहे आणि आपल्याकडं शंभरातले नव्वद जण हेच सांगतील. मीच केलंय हे. एकोणीस-वीस वर्षाचा असताना माझ्याकडं उमराव नावाचा घोडा होता, पंचगंगेच्या घाटाकडं घेऊन गेलतो, पाऊस चालू, एका बाईनं समोर फटकन छत्री उघडली आणि हा पठ्ठ्या चार पावलं आडवा उडाला. चार लोकं हसली. झालं, माझं डोकं फिरलं, खाली उतरून तिथंच चाबकानं फोडला त्याला. मला वाटलं धडा शिकला. शिकलाच, पण काय शिकला माहितीय, छत्री दिसली की पाठोपाठ मार बसतो हे शिकला. त्या दिवसाच्या आधी छत्री जवळ उघडली तर बुजायचा, त्याच्यानंतर शंभर फुटावर मिटलेली छत्री काखेत धरलेला माणूस दिसला तरी अंगाला कापरं भरायचं त्याच्या. आणि आपलं कोल्हापूर, चार महिने पाऊस, कुठं नेणार त्याला? ते निस्तरायला मला दोन पावसाळे गेले, तरी पुरतं गेलं नाही कधी. घोडं "मी बुजलो म्हणून मारलं" असा हिशोब नाही करत, त्या क्षणी समोर काय होतं आणि अंगाला काय झालं एवढंच जोडतं. ट्रॅक्टरसमोर मैनेला मारलं तर तिच्या दृष्टीनं ट्रॅक्टरनं मारलं.

काटेरी लगामाचं तर बोलूच नको. जिभेवर आणि हिरडीवर काटे टोचल्यावर घोडं थांबतं ते दुखण्यानं, आणि दुखणं सहन झालं नाही की मागच्या दोन पायावर उभारतं. दोन पायावर उभारलेला घोडा कावळा नाक्याला ताराराणीच्या पुतळ्यात शोभतो, तू पाठीवर असताना नको. शिवाय काटे असलेल्या लगामाला कायद्यानंच बंदी आहे, ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी 1965 साली नियम झालेत त्यात स्पष्ट आहे, बाजारात उघड विकतात हा भाग वेगळा.

बरं, आता मैनेकडं येतो. तू म्हणतेस गोठ्यात गरीब आणि रस्त्यावर वेडी, म्हणजे नाटकं करते का. नाही. घोडं हे पळून जगलेलं जनावर आहे, शिंग नाही, नखं नाहीत, आधी पळायचं आणि मग लांब जाऊन बघायचं ते काय होतं, ही त्याची अक्कल आहे आणि ती त्याला लाखो वर्षं कामाला आलीय. डोळे डोक्याच्या दोन बाजूला, त्यामुळं जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं थोडं आणि शेपटीच्या बरोबर मागचं दिसत नाही. बाजूला जरा काही हललं तरी टिपतं पण ते नक्की काय आहे हे कळायला डोकं वर-खाली करून बघावं लागतं, आणि आपण काय करतो, नेमका तेव्हाच लगाम आवळतो. उन्हातनं एकदम सावलीत गेलं की नजर बसायला आपल्यापेक्षा वेळ लागतो, उसाच्या फडामधल्या गाडीवाटेला ती थबकत असेल तर हे कारण असू शकतं. कान तर आपल्याला ऐकूच येत नाहीत असे बारीक तीक्ष्ण आवाज पण पकडतात. आता हिच्या जागी उभारून बघ. सगळा महाराष्ट्र उभा ओलांडून टेम्पोतनं आली, कळपातली सोबत गेली, माणसं नवीन, पाणी नवीन, बोली नवीन, आणि पाचच आठवड्यात समोरनं दोन ट्रॉल्या ऊस भरलेला, डुलणारा, पाचट लोंबणारा, वर डबल स्पीकर ठोकलेला डोंगर चालत येतोय. मी पण बुजलो असतो.

पण भीतीवर काम करायच्या आधी एक गोष्ट, आणि ही लोकं कायम सोडून देतात: दुखतंय का ते बघ. रस्त्यावरची नाटकं निम्म्या वेळा दुखण्याची असतात. तोंड उघडून दात बघ, म्हणजे तू नको, जनावरांच्या डॉक्टरला बोलाव, त्यातही घोड्याचं बघणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं. घोड्याचे समोरचे दुधाचे दात मधली जोडी साधारण अडीच वर्षाला पडते, त्याच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला. विकणारा चार म्हणाला ना, कडेचे दुधाचे असणारच, पण मधल्याच्या शेजारचे पण अजून दुधाचेच असतील तर घोडी तीनच्या आसपासची आहे आणि तुला फसवलंय. या वयात आत दाढांचे पण दुधाचे दात सुटत असतात, आणि काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढं एक बारका बिनकामाचा दात असतो, त्याच्यावर लगामाची कडी आपटली की ठणका लागतो. तू लगाम ओढतेस, ती मान वर टाकते, तू म्हणतेस अडेल आहे, आणि ती बिचारी म्हणतेय दात दुखतोय.

मग खोगीर. बाजारात जनावरासोबत जे खोगीर गळ्यात मारतात ते कुठल्या तरी तिसऱ्याच घोड्याच्या मापाचं असतं. फिरवून आणल्यावर खोगीर काढ आणि पाठीवरचा घाम बघ, सगळीकडं सारखा ओला असेल तर ठीक, मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग असेल तर तिथं दाब पडतोय. खांद्याच्या उंचवट्यापासनं कमरेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूनं बोटांनी हळूहळू दाबत जा, पाठ खाली चोरली, कान मागं टाकले, शेपूट झटकली तर काही दिवस बसायचंच नाही. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला येते का हे तू लिहिलं नाहीस, येत असेल तर डॉक्टरला ते पण सांग, पोटात जखमा असल्या तरी तसं करतात.

वजनाचा हिशोब पण करून टाकू. मारवाडी घोडी अंगानं हलकी, समज मैना 320 किलोची आहे. माणूस आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्क्याच्या आत राहावं, कोवळ्या जनावराला जेवढं कमी तेवढं चांगलं. तू 48 किलो असशील आणि खोगीर 8 किलो तर 56, म्हणजे साडेसतरा टक्के, चालतंय. दादा 86 किलोचा असेल आणि "मी बसून सरळ करतो हिला" म्हणून चढला तर 94, म्हणजे एकोणतीस टक्के. त्याला हे आकडे दाखव, मी सांगितलं म्हणून सांग. कण्याची हाडं पुरती जुळायला घोड्याला पाच-साडेपाच वर्षं लागतात, ती अजून पोरच आहे.

खाण्याचं वाचून मी कपाळावर हात मारला. पत्रात पुढं तू लिहिलंयस की रोज 3 किलो हरभरा, अर्धा किलो गूळ, वर उसाचं वाडं म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणि दिवसाचे बावीस तास अगाडी-पिछाडी बांधून. अगं, पोराला पेढ्याचा बॉक्स चारून दिवसभर बाकावर बसवायचं आणि संध्याकाळी म्हणायचं गप चाल, असं आहे हे! तेवढी ताकद ती कुठं घालवणार, तुझ्या खांद्यावरच घालवली. हरभरा हळूहळू कमी कर, एकदम नको, आठ-दहा दिवसात, कारण घोड्याचं खाणं अचानक बदललं की पोट धरतं आणि घोड्याची पोटदुखी म्हणजे चेष्टा नाही, जनावर जातं हातचं. मुख्य पोट वाळल्या वैरणीवर भरू दे, तिच्या वजनाच्या मानानं पाच-सहा किलो तरी, आणि एकदम न टाकता दिवसभर थोडं थोडं, कारण घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास तयार होत असतं, आपल्यासारखं जेवणाच्या टायमाला नाही. उसाचं वाडं फुकट मिळतं हे मला माहितीय, हंगामात सगळीकडं ढीग असतात, पण वाड्यातलं ऑक्झॅलेट अंगातला कॅल्शियम धरून बसतं, म्हशी-बैलांना ते बऱ्यापैकी पचतं, घोड्याच्या वाढत्या हाडांना नाही. कोंड्याच्या पाट्या चारणं पण त्याच कारणासाठी नको, त्यात फॉस्फरस जास्त. गूळ बक्षिसाला ठेव, बोराएवढा. आणि मळ्यात कुंपण घातलेला तुकडा असेल तर रोज चार-पाच तास मोकळी सोड, सोबतीला दुसरं घोडं नसेल तर शेजारी म्हैस असली तरी चालेल, एकटं घोडं निवांत होत नाही, कारण राखण करायची पाळी कायम त्याचीच असते. आपल्याकडं जुनं कोडं आहे ना, भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला, तर फिरवलं नाही म्हणून. आपली लोकं ते म्हणतात आणि घोडं मात्र खुंट्याला ठेवतात. माझ्या अंदाजानं एवढ्यावरच तुझं निम्मं काम होईल, खरंच.

आता शिकवण्याचं. पहिले दोन-तीन आठवडे पाठीवर बसायचं नाही. तोंडात लगाम पण नको, नुसती मोहरकी, म्हणजे तोंडात कडी नसलेला डोक्यावरचा पट्टा, आणि बारा फुटी मऊ दोर. तिला चार गोष्टी जमिनीवर यायला पाहिजेत: बोलल्यावर थांबणं, मागं सरणं, मागचे पाय बाजूला टाकणं आणि डोकं खाली करणं. यातली डोकं खाली करणं ही सगळ्यात कामाची, म्हणून नीट सांगतो. कानाच्या मागं, मोहरकीचा पट्टा असतो तिथं, तळहात ठेव आणि हलका दाब दे, ढकलायचं नाही, नुसता दाब. ती आधी वर जाईल, हात तसाच ठेव. ज्या क्षणी इंचभर का होईना खाली येईल त्या क्षणी हात काढ. दुसऱ्या क्षणी नाही, त्याच क्षणी. घोडं दाबानं शिकत नाही, दाब सुटल्यानं शिकतं, सगळी घोडेस्वारी या एका गोष्टीवर उभी आहे आणि लोकं नेमकी तीच उलटी करतात, घोड्यानं ऐकलं तरी ओढतच राहतात, मग ते म्हणतं ऐकून तरी काय उपयोग. दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी. आठवडाभरात ती दोन बोटांच्या दाबाला नाक गुडघ्यापर्यंत आणायला लागली पाहिजे. घाबरलेलं घोडं मान वर करून उभारतं, आणि मी इतकी वर्षं बघतोय, मान खाली आली की अंग पण हळूहळू सैल पडत जातं. रस्त्यावर तुला जे "शांत हो" म्हणायचंय ते म्हणायची भाषा तिला आधी गोठ्याजवळ शिकव, नाहीतर तू नुसती ओरडशील आणि तिला काय कळणार.

भीतीच्या वस्तू घरातल्याच वापर. खताचं रिकामं पोतं काठीला बांध, तिच्यापासनं लांब हलव, एवढं लांब की ती बघते पण पाय हलवत नाही. बघितलं, उभारली, की पोतं खाली आणि तू मागं सरक. परत. हळूहळू जवळ. मग अंगावरनं फिरव, आणि डाव्या बाजूनं झालं म्हणजे झालं असं समजू नको, उजव्या बाजूनं पहिल्यापासनं कर, डावीकडनं ओळखीची झालेली वस्तू उजवीकडनं आली की तिला नवीनच वाटते. हाच नियम रस्त्याला पण लागू, जाताना काही केलं नाही त्याच होर्डिंगला येताना बुजते, आणि माणूस म्हणतो मुद्दाम करते.

आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकर घे, ती वैरण खात असताना लांब कोपऱ्यात हलक्या आवाजात ट्रॅक्टरची गाणी लाव. (कुठली ते मी सांगायची गरज नाही, नोव्हेंबर ते मार्च आख्ख्या जिल्ह्याला पाठ असतात.) खाणं सोडून मान वर केली तर आवाज जास्त झाला, कमी कर. खात राहिली तर दोन दिवसांनी एक घर वाढव.

आणि आता खरा ट्रॅक्टर. याची एक युक्ती आहे, माझ्या वडलांची. घोड्याला भीतीच्या वस्तूकडं ओढून न्यायचं नाही, त्या वस्तूला घोड्यापासनं पळायला लावायचं. रिकाम्या माळावर किंवा कापणी झालेल्या रानात ट्रॅक्टर एकदम लोवर गिअरमध्ये पुढं जाऊ दे, ट्रॉली नको, आणि तू मैनेला घेऊन चाळीस-पन्नास पावलं मागनं चाल. समोरचं धूड आपल्यापासनं लांब चाललंय म्हणल्यावर घोड्याच्या डोक्यात हिशोब बदलतो, घाबरतंय ते, मी नाही. पाच मिनिटात बघ कान पुढं करून स्वतःहून पावलं उचलायला लागेल. मग अंतर तीस पावलं, वीस, दहा. ट्रॅक्टर थांबला की तू पण थांब, तिला वाटलं तर हुंगू दे, वाटलं नाही तर नको, नाक धरून लावायचं नाही. हे पाच-सहा दिवस झालं की ट्रॅक्टर उभा आणि तुम्ही बाजूनं, मग ट्रॅक्टर चालू आणि तुम्ही बाजूनं, समोरासमोर सगळ्यात शेवटी. कुठल्याही दिवशी बिघडलं तर कालच्या पायरीवर परत जायचं, त्यात कमीपणा नाही, आणि त्या पायरीला चांगलं झालं की तिथंच बंद करून घरी. "आता जमतंय तर अजून एकदा" या मोहानं मी जेवढी घोडी बिघडवलीत तेवढी चाबकानं नसतील बिघडवली.

मध्येच एक इशारा. गप उभारली म्हणजे शांत झाली असं नाही! काही घोडी भीतीनं थिजतात, पाय रोवलेले, पापणी हलत नाही, नाकपुड्या फुगलेल्या, शेपूट आत दाबलेली, आणि मालक व्हिडिओ काढून टाकतो बघा कशी सरळ केली. तसं घोडं नंतर काही न सांगता-सवरता एकदम उधळतं. खरं निवांत झालेलं घोडं ओठ चाटतं, जबडा हलवतं, डोळे मिटून उघडतं, लांब श्वास सोडतं, एखादा मागचा पाय सैल ठेवतं. तुला आकड्यात बघायचं असेल, सायन्सची आहेस म्हणून सांगतो, जबड्याच्या खालच्या हाडावरनं एक शीर जाते तिथं बोटं ठेवून नाडी मोज. निवांत घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते. पोतं दाखवल्यावर किती झाली आणि परत खाली यायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहीत जा. नाडी वर जाणारच, ती खाली यायला लागणारा वेळ जसा कमी होईल तशी तुझी घोडी तयार होतेय.

पाठीवर कधी? तिची पाठ आणि दात ठीक आहेत असं डॉक्टरनं सांगितल्यावर, आणि वरचं सगळं दोरावर नीट व्हायला लागल्यावर. पहिले काही दिवस नुसतं कट्ट्यावर उभं राहून तिच्या पाठीवर पोटावर आडवं पड, उतर, खाजव. दोन्ही बाजूनं. चढताना ती हलली तर चढायचं नाही, परत उभी कर. बसल्यावर पहिल्यांदा जागेवरच एक गोष्ट घटवून घे: एका बाजूचा लगाम हळूच आखूड करून तिचं नाक तुझ्या गुडघ्याकडं आणायचं, पाय थांबले आणि मान सैल झाली की सोडायचं. दोन्ही बाजूनं पन्नास वेळा. कारण घोडं उधळायला लागलं की आपण दोन्ही हातानी ओढतो, आणि ते मान ताणून आपल्याविरुद्ध ओढतं, तिथं 48 किलो काय करणार 320 किलोपुढं. एका बाजूला मान वळली तर मागचे पाय आडवे पडतात आणि जोर मोडतो. पण हे पहिल्या दोन-चार टापातच करायचं, चौखूर सुटल्यावर एकदम मान वळवलीस तर घोडी तुझ्यासकट पडेल, तेव्हा मोठा गोल काढत काढत लहान करत आणायचं, त्याला जागा पाहिजे, म्हणून सुरुवातीचे सगळे दिवस मोकळं रान. हायवेच्या बाजूला फिरकायचं पण नाही. पंधरा-वीस मिनिटं, फक्त चाल, दुडकी सुद्धा नको. ओळखीत कुणाचं वयस्कर गरीब घोडं असेल तर त्याला सोबत पुढं ठेव, शंभर युक्त्या एका बाजूला आणि म्हातारं घोडं एका बाजूला.

आता तुझी भीती. ती तिला कळते, जादूनं नाही, तुझ्या मांडीतनं कळते. ट्रॅक्टर दिसला की तू श्वास धरतेस, टाचा आवळतेस, लगाम गोळा करतेस, आणि ती म्हणते मालकीण पण ताठली, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. "घाबरू नको" असं स्वतःला सांगून काही होत नाही, मला तरी कधी झालं नाही. गाणं गुणगुण. कुठलंही. गुणगुणताना माणसाला श्वास धरून ठेवता येत नाही, एवढाच त्याच्यात मुद्दा. नजर ट्रॅक्टरवर नको, त्याच्या पलीकडं जिथं जायचंय तिथं. आणि वाटलं की आज नाही जमत, तिचं किंवा तुझं, तर खाली उतर आणि चालत पुढं ने. उतरणं म्हणजे हार असं जो सांगेल त्याला विचार तुला हाड जोडायचा खर्च माहितीय का. फक्त ती उडायच्या आधी उतर, मान वर गेली, पाठ कडक झाली, तेव्हाच.

हेल्मेट पाहिजे, फेटा नको, फेटा मिरवणुकीला. पायात टाचेचा बूट, आपली कोल्हापुरी कितीही प्यारी असली तरी रिकिबीत नको, चप्पल आत सरकते, पाय अडकतो आणि माणूस फरफटत जातो. दोर कधी हाताला गुंडाळायचा नाही. मोबाईल खोगिराच्या पिशवीत नाही, तुझ्या खिशात, कारण घोडी पळाली तर मोबाईल पण पळाला. एकटी जाऊ नको. मैनेला धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचार, घोड्याला तो फार लवकर होतो.

किती दिवस लागतील हे तू विचारलं नाहीस पण तुला तेच विचारायचंय. हंगाम संपेपर्यंत ती दोरावर ट्रॅक्टरच्या बाजूनं गेली आणि पावसाळ्याआधी तू पाठीवर बसून पाणंदीतनं निवांत फिरून आलीस तर मी म्हणेन लई झालं. मिरवणूक वेगळी गोष्ट आहे. जोतिबाला पालखीसोबत घोडी चालतात, गुलालात, वाजंत्रीत, ते बघून लोकांना वाटतं घोड्याला आवाजाचं काय नसतं. बेळगावकडच्या अंकलीहून माऊलींचे अश्व आषाढीला आळंदीपर्यंत चालत जातात, गाड्या, गावं, गर्दी बघत बघत, आणि मग रिंगणात लाखभर माणसात पळतात, तिथं रस्ता हाच गुरू असतो. तुझ्या मैनेला पाच आठवडे झालेत आणि तुला डॉल्बी आणि सुतळी बॉम्बमध्ये न्यायचीय, जिथं मागं-पुढं लहान पोरं असतात. तू पडलीस तर तुझा खांदा, पण ती गर्दीत उधळली तर दुसऱ्याचं पोर.

19 तारखेला तू चालत जा मिरवणुकीला. मैनेला गोठ्यात ठेव, कोणतरी जवळ बसव, वैरण भरपूर टाक, लांबनं डॉल्बी ऐकायला येईलच, तेवढा धडा त्या दिवशी पुरे. नाडी मोजायला विसरू नको.

आणि दादाला काम दे, नाहीतर तो चाबूक घेऊन येईल. ट्रॅक्टर त्यानंच चालवायचा, लोवर गिअर, गाणी बंद.